दुसऱ्यांदा विचारायचं नसतं

बाल्टिक समुद्रातल्या आमच्या स्टेनशेर बेटावर हिवाळ्यात माणसं एकोणचाळीस. ती सगळी मिळून दिवसभरात जेवढं बोलतात, तेवढं दुसरीकडची एखादी मासेवाली सकाळच्या चहाआधी बोलून मोकळी होत असेल. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. कामापुरतं बोलावं, एकदा बोलावं, आणि समोरच्याने 'नको' म्हटलं की तो विषय तिथेच पुरावा, हे आम्हाला आईच्या दुधातूनच मिळतं. कॉफीचा दुसरा कप हवा का, हेसुद्धा इथे एकदाच विचारतात. तुम्ही भिडेने 'नको' म्हणालात तर किटली उचलली जाते आणि तुम्ही रिकाम्या कपाकडे बघत बसता. आग्रह म्हणजे माणसाचा अपमान. त्याला स्वतःचं मन कळत नाही असं म्हणण्यासारखंच ते.

या एका सवयीपायी हिलेवीच्या आयुष्याची सत्तावीस वर्षं गेली. मला विचाराल तर अक्षरशः पाण्यात गेली.

हिलेवी आमची बंदरवाली. जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत शिडाच्या बोटी येतात, कोणी तुर्कूहून, कोणी स्टॉकहोमहून, अलीकडे तर पार पोलंडहूनही. बोट धक्क्याजवळ आली की पुढून कोणीतरी दोर फेकतं, तो हिलेवीने झेलायचा, कडीला बांधायचा आणि म्हणायचं, "आलात. सौना सहा वाजता तापेल." सौनाची, म्हणजे लाकडं पेटवून तापवलेल्या वाफेच्या न्हाणीघराची, पाळी पाटीवर लिहायची, लाकडं फोडायची, नवे बटाटे आणि धुरावलेला मासा कुठे मिळेल ते सांगायचं. रात्री नऊला बोटींवरचे झेंडे उतरले की तिचा दिवस संपला. हे काम तिने सदतिसाव्या वर्षी घेतलं. तिचा बाप वाटाड्या होता, म्हणजे मोठी जहाजं खडकांमधून आत आणणारा. तो गेल्यावर घरात ती आणि आई. हिवाळ्यात शाळेत पाच पोरांचा स्वयंपाक, उन्हाळ्यात बंदर, आणि बाराही महिने आई.

आता गंमत बघा. बाल्टिकमधलं एकूण एक बंदर हिलेवीला पाठ. कुठे शिरताना उजवीकडचा खडक सांभाळायचा, कुठे नैर्ऋत्येचा वारा सुटला की रात्रभर बोट हेलकावे खाते, गॉटलंड बेटावरच्या व्हिसबीला कुठल्या गल्लीत पहाटे पाव मिळतो, हे तिला कोणीही उठवून विचारावं. सगळं ऐकीव. येणाऱ्या खलाशांना बोलतं करायचं आणि डोक्यात साठवायचं. स्वतः गेलेली कुठे? तुर्कूला, तेही सरकारी फेरीबोटीने, दात काढायला. एकदा एका स्वीडिश बाईने हिच्याकडून व्हिसबीची इत्थंभूत माहिती घेतली आणि विचारलं, "तू शेवटची कधी गेली होतीस गं तिथे?" हिलेवी पटकन म्हणाली, "गेल्या वर्षी." नंतर सौनाच्या मागे जाऊन ती बराच वेळ लाकडं फोडत राहिली. तेवढी लाकडं त्या आठवड्याला लागणारही नव्हती.

मोठ्या जहाजाने का नाही गेली म्हणाल, तर हे बोर्गहिल्डनेही तिला शंभरदा सुनावलं होतं. बोर्गहिल्ड म्हणजे हिलेवीची चुलत बहीण. बेटावरचं एकमेव दुकान चालवते, आणि एकोणचाळीस माणसांच्या वाटणीचं बोलणं एकटी उरकते. "अगं, तिकीट काढ नि जा की! खाली जेवण, वर नाच, सकाळी उतरायचं." हिलेवी मान हलवायची. तिला पोचायचं नव्हतं, तिला जायचं होतं. आयुष्यभर तिने बोटी धक्क्यावरून पाठमोऱ्या पाहिल्या. शीड लहान लहान होत जातं, दीपगृहाच्या पलीकडे जातं आणि मग नुसतं पाणी उरतं. त्या पाण्यापुढे काय होतं, ते तिला शिडाखाली बसून बघायचं होतं. छातीत दुखावं तसं ते तिला दुखायचं, विशेषतः संध्याकाळी, सगळ्यांचे दोर बांधून झाल्यावर.

आणि खरं सांगायचं तर कुठलीही बोट चालणार नव्हती. तिला 'लोक्की' हवी होती.

लोक्की ही ताउनोची बोट. ताउनो तुर्कूच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. उन्हाळ्याची मोठी सुट्टी, तरुणपणीच मोडलेलं लग्न, आणि ही नऊ मीटरची लाकडी बोट. मध्य-उन्हाळ्याचा सण झाला की पुढच्या आठवड्यात तो आमच्या बंदरात येणार म्हणजे येणार. दोन रात्री राहणार, मग गॉटलंडकडे किंवा पुढे एस्टोनियाकडे निघणार. एकटाच. बोलण्यात आमच्याही वरताण. दोर फेकायचा मात्र असा, की हिलेवीच्या हातात अलगद येऊन पडायचा.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, हिलेवी कामाला लागली त्याच वर्षी, निघायच्या सकाळी ताउनो धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "दुसरं बाक रिकामं आहे. व्हिसबी दीड दिवस. येतेस?"

हिलेवीच्या आतून 'हो' इतक्या जोरात उसळलं की तिलाच लाज वाटली. सदतीस वर्षांची बाई, ओळख दोन दिवसांची, आणि चटकन 'हो' म्हणायचं? वर आई घरात, बंदर नवीन. ती म्हणाली, "नको. बंदर कोण बघणार?"

ताउनोने मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि गेला.

संपलं. पुढच्या वर्षी आला, दोर फेकला, तिने झेलला. "आलास." "आलो." तिच्या मनात, आता विचारेल. नाही विचारलं. कसं विचारेल? ती 'नको' म्हणाली होती ना! त्याच्या पुढच्या वर्षी तिने बोलता बोलता सांगितलं की चार दिवस बोर्गहिल्डही बंदर बघू शकते. याहून स्पष्ट आमच्या बेटावर आजवर कोणी काही बोललेलं नाही. ताउनो म्हणाला, "ते बरं आहे." अठ्ठ्याण्णव साली आई गेली. त्या उन्हाळ्यात तो टोपी काढून दोन मिनिटं तिच्या शेजारी उभा राहिला, आणि जाताना कधी नव्हे तो त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बस. दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरलेली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी तर म्हणतो सख्खी बहीण, तीही जुळी!

तो परत येताना काहीबाही आणायचा. व्हिसबीचा केशर घातलेला गोड पदार्थ, एस्टोनियाचा काळा पाव, कधी रीगाहून लोकरीचे हातमोजे. ती त्याला आमचा माल्टचा पाव आणि बडीशेपेच्या पाल्यातला मासा बांधून द्यायची. वर्षातून चार रात्री, जाताना दोन नि येताना दोन. सत्तावीस वर्षं. करा हिशोब.

परवाच्या उन्हाळ्यात हिलेवी चौसष्टची झाली. पुढच्या वर्षी तिचं काम सुटणार होतं. सण झाला, आठवडा उलटला, आणि दीपगृहामागून लोक्कीचं जुनं पिवळसर शीड दिसलं. पण बोट सरळ येईना. वाट दाखवणारा बाहेरचा हिरवा बोया बोटीने चुकीच्या बाजूने ओलांडला. तिथे पाण्याखाली दीड मीटरवर खडक आहे, आणि ताउनोला तो झोपेतही माहीत आहे. नशीबच म्हणायचं, पाणी चढलेलं होतं. धक्क्याजवळ येऊन त्याने दोर फेकला, तो पाण्यात पडला. ओढून घेतला, पुन्हा फेकला, पुन्हा पाण्यात. तिसऱ्या वेळी हिलेवीने पोटावर आडवं पडून पाण्यातूनच तो उचलला.

"आलास," ती म्हणाली.

"आलो." मग दोराकडे बघत तो म्हणाला, "डोळे गेलेत. मधोमध काही दिसत नाही. कडेकडेनं दिसतं."

"आणि एकटा आलास? या खडकांतून?"

"व्हिसबीला गिऱ्हाईक थांबलंय. बोट विकली. तिथे ताब्यात द्यायची आणि मोठ्या जहाजाने परत."

हिलेवी कडीला दोर बांधत होती. हजारो वेळा घातलेली ती गाठ तिला दोनदा सोडून परत बांधावी लागली. लोक्की येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि हा बाबा असल्या डोळ्यांनी उघड्या समुद्रातून एकटा दीड दिवस जाणार. तिने मागे वळून न बघताच विचारलं, कारण समोर बघून तिला जमलं नसतं: "मी येऊ सोबत?"

ताउनो म्हणाला, "नको. तुझं बंदर आहे."

घ्या! सत्तावीस वर्षांनी तोच 'नको', फक्त या तोंडातून त्या तोंडात गेलेला.

ती तडक दुकानात गेली. बोर्गहिल्डने तिचा चेहरा बघितला आणि वजनकाटा बाजूला सरकवला. सगळं ऐकून घेतलं, हे तिच्या बाबतीत मोठंच.

"मग परत विचार," बोर्गहिल्ड म्हणाली.

"परत?"

"हो, परत! दुसऱ्यांदा! जिभेला काय हाड आहे तुझ्या?"

"तो नको म्हणाला, बोर्गहिल्ड."

"तूही म्हणाली होतीस! खरं म्हणाली होतीस का? बोल की! सत्तावीस वर्षं मी बघतेय, लोक्की दिसली की ही बया केस विंचरते. आणि तो? तुर्कूहून व्हिसबीला जायला स्टेनशेर वाटेत तरी आहे का गं? नकाशा बघ. माणूस अर्धा दिवस वाकडी वाट करून येतो, तो काय माझा शिळा पाव खायला?"

हिलेवीने नकाशा शंभरदा बघितला होता. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, कारण तिच्या नकाशावर सगळे रस्ते स्टेनशेरवरूनच जायचे.

"आणि बंदर?"

"मी बघते बंदर. दोर धरायला काय विद्यापीठात जावं लागतं? आणि सौनाची पाटी मी अशी लिहीन की भांडणं लागतील. जरा मजा येईल बेटावर."

यंदा एकच रात्र राहून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताउनोने शिडावरचं आवरण काढलं. वारा चांगला होता. हिलेवी धक्क्यावर आली, पाठीवर पिशवी. ताउनोला पिशवी दिसली की नाही कोण जाणे, कडेकडेनं दिसली असेल. तो म्हणाला, "सोड दोर."

तिने कडीवरून दोर सोडला, पण हातातून सोडला नाही. बोट जराशी मागे गेली आणि ताणून थांबली.

"हिलेवी, सोड."

"मी परत विचारणार आहे," ती म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. शेजारच्या जर्मन बोटीवरचं जोडपं कॉफी पिता पिता बघत होतं, दुकानाच्या दारात बोर्गहिल्ड उभी होती, आणि आमच्यापैकी आणखी चार-पाच जणांना नेमकं त्याच वेळी धक्क्यावर काम निघालं होतं. मीही होतो, खोटं कशाला बोलू?

ताउनो म्हणाला, "विचार."

"मी येऊ?"

"ये," तो म्हणाला.

हिलेवीने दोर आत फेकला आणि चौसष्टाव्या वर्षी धक्क्यावरून उडी मारली. गुडघा आपटला. तिने हूं की चूं केलं नाही. बोर्गहिल्ड मात्र दारातून ओरडली, "वरातीमागून घोडं! पण निघालं बाई एकदाचं!"

दीपगृह मागे पडलं. हिलेवी त्याची समुद्राकडची बाजू पहिल्यांदाच बघत होती, तिकडे रंग पार उडालेला होता. पुढे नुसतं पाणी. आणि पहिले पाच तास काय झालं म्हणाल, तर तिने उलट्या केल्या. बाल्टिकमधली झाडून सगळी बंदरं पाठ असलेली बाई बादलीत तोंड घालून बसली होती, आणि ताउनो सुकाणूवरून कोरडा टोस्ट पुढे करत होता. "क्षितिजाकडे बघ," तो म्हणाला. "माझ्या वाट्याचंही तूच बघ."

मग तिने बघितलं. पोट बसल्यावर ती त्याच्या शेजारी बसली आणि दिसेल ते सांगत गेली. डावीकडे मालवाहू जहाज, लांब आहे. पुढे एक खांब, माथ्याला दोन काळे त्रिकोण, टोकं वर. ताउनो म्हणायचा, "उत्तरेची खूण. तिच्या उत्तरेकडूनच जायचं," आणि सुकाणू जरासं वळवायचा. संध्याकाळी त्याने सुकाणू तिच्या हातात दिलं. बोट हाताखाली जिवंत होती, ओढ घेत होती, ऐकत होती. हिलेवीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. तो कुठे बघू शकत होता? पण थोड्या वेळाने तो म्हणाला, "मीही पहिल्यांदा रडलो होतो." म्हणजे कळलं होतं.

आत दोन बाकं होती. त्याच्या बाकावर उशी खोलगट झालेली. समोरच्या बाकावरचं कापड मात्र कोरं, घडीच्या खुणा तशाच. एकट्या माणसाच्या बोटीत रिकाम्या बाकावर अडगळ साठते, पिशव्या, दोर, ओले कपडे. इथे काही नव्हतं. हिलेवी त्या बाकावर आडवी झाली तेव्हा तिला झोप लागणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. पूर्ण. शीड लोंबायला लागलं, पाणी तेल ओतल्यासारखं झालं. अजून गॉटलंड दिसत नव्हतं, आणि मागचं तर केव्हाच दिसेनासं झालं होतं.

"इंजिन लावायचं?" हिलेवीने विचारलं.

"डिझेल कमी आहे," ताउनो म्हणाला.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिनेच स्वतःच्या हाताने टाकी काठोकाठ भरली होती. "हो," ती म्हणाली, "कमीच असेल."

त्यांनी माल्टचा पाव, लोणी आणि मासा खाल्ला. तिने कॉफी केली. त्याचा कप रिकामा झाला तेव्हा तिने विचारलं, "अजून?" तो म्हणाला, "नको." तिने तरीही ओतली. दोघं हसले, आणि हसणं थांबल्यावर जे यायला हवं होतं ते आलं.

"तू परत विचारलं असतंस तर मी आले असते," हिलेवी म्हणाली. "दुसऱ्या वर्षी. तिसऱ्या. कुठल्याही."

ताउनोने कप खाली ठेवला. "मला वाटायचं तसं. दर वर्षी तुर्कूहून निघताना ठरवायचो, यंदा विचारायचं."

"मग?"

"तू परत 'नको' म्हणाली असतीस तर?" तो म्हणाला. "एका 'नको'नंतर माणूस पुन्हा दोर फेकायला येऊ शकतो. दोनदा ऐकल्यावर कुठल्या तोंडाने येणार होतो मी? मला यायचं बंद करायचं नव्हतं, हिलेवी. वर्षातल्या चार रात्री होत्या माझ्याकडे. त्या पणाला लावायची छाती झाली नाही."

हिलेवीला राग आला. आधी राग, मग अशी काही माया की ती कुठे ठेवावी तेच कळेना. हा माणूस चार रात्रींसाठी सत्तावीस वर्षं गप्प बसला, आणि तीही त्याच चार रात्रींसाठी. दोघांनी एकच वस्तू दोन बाजूंनी इतकी जपली की ती वापरायचीच राहून गेली. तिने त्याचा हात धरला. सुताराचा हात, एका बोटाचं टोक नसलेला. तो हात असा खरबरीत आहे हे तिला आता कळत होतं, आणि उद्या व्हिसबीला एक अनोळखी माणूस धक्क्यावर किल्ली घ्यायला उभा असणार होता.

किती वेळ गेला कोण जाणे. बोट जागची हलत नव्हती. सूर्य उतरायला लागला तेव्हा हिलेवीला पश्चिमेकडे पाण्यावर एक काळसर पट्टा दिसला. दोर झेलता झेलता जन्म गेलेल्या बाईला तो काय आहे हे सांगावं लागत नाही. लांबून बारीक लाटा उठत येत होत्या. वारा येत होता, आणि चांगला येत होता, थेट व्हिसबीला नेऊन सोडणारा.

दिसेल ते सांगायचं, हेच तिचं काम होतं. कालपासून तिने एक खांब चुकवला नव्हता, एक पक्षी चुकवला नव्हता. ताउनोचा चेहरा त्याच दिशेला होता, शांत; त्याला तिथलं काही दिसत नव्हतं. पट्टा जवळ येत गेला. हिलेवी बोलली नाही.

मग वारा त्याच्या गालाला लागला. त्याने मान वर केली. "आला," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "तुला दिसला असेल."

"हो."

"कधी?"

"मघाशीच."

ताउनोने तिचा हात आणखी घट्ट धरला, आणि शीड दोघांच्या डोक्यावर मोकळं फडफडत राहिलं, एक मिनिट, दोन मिनिटं. कोणताही खलाशी एवढा वेळ शीड असं फडफडू देत नाही, दोर ओढून वारा धरतो.

शेवटी तो म्हणाला, "हिलेवी, शिडाचा दोर ओढावा लागेल."

"नको," ती म्हणाली.

त्याने दुसऱ्यांदा सांगितलं. मग तिने ओढला.